त्याच गाडीने पुढे

आत्याने लिस्बनची यादी वहीच्या मागच्या पानावर केली होती. शाळेत फळ्यावर मुद्दे लिहायची तशीच, आकडे घालून आणि प्रत्येक आकड्याभोवती गोल काढून. बेलेमचा मनोरा, जेरोनिमुसचा मठ, सांव जॉर्जचा किल्ला, अठ्ठावीस नंबरची ट्राम, सांता जुश्ताची लिफ्ट असे वीस मुद्दे. एकविसाव्या आकड्याला गोल होता, पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "ते माझं मी बघेन."

आत्या एकाहत्तर वर्षांची. सांगलीत तीस वर्षं इतिहास शिकवला आणि पासपोर्ट पहिल्यांदा काढला तो या सहलीसाठी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. कामाच्या निमित्ताने सहा-सात देश बघितलेली आणि त्यामुळे प्रवास कसा करावा याबद्दल जरा जास्तच मतं असलेली. माझीही एक यादी होती, काय बघायचं नाही याची. तिच्या विसापैकी पंधरा गोष्टी माझ्या यादीत होत्या.

मोरारिया भागात चौथ्या मजल्यावर चार दिवसांसाठी छोटी जागा घेतली होती. लिफ्ट नाही. खाली मार्तिम मोनिश चौकाजवळ एका बांगलादेशी दुकानात मूगडाळ, मोहरी आणि चक्क कढीपत्ता मिळाला. बटाट्याच्या ढिगावर पाटी होती, तीही 'बटाटा'च वाचता येईल अशी. आत्या खूश झाली. "आपण यांच्याकडून उचललेला शब्द यांच्याच गावात शाबूत आहे म्हणायचा." तिने खिचडी टाकली आणि शिट्टी व्हायच्या आत आमचा वाद सुरू झाला.

"म्हणजे तुझं म्हणणं काय, मनोरा बघायचाच नाही?"

"लांबून बघू की. पण तिथं सगळे तेच करतात गं. येतात, मनोऱ्याकडे पाठ करून उभे राहतात, स्वतःचा फोटो काढतात, पुढच्या ठिकाणी पळतात. त्यापेक्षा अल्फामाच्या गल्ल्यांतून नुसतं फिरू. दगडी जिने, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावरचं कॉफीचं दुकान. १७५५च्या भूकंपातून तो भाग बराचसा वाचला. खरं शहर तिथं आहे."

"लोकांचे वाळत घातलेले कपडे बघायला मी सांगलीहून आले?"

"तसं नाही—"

"मग कसं? उद्या आमच्या गावभागात चार परदेशी आले आणि वाड्यात डोकावून माझ्या दांडीवरच्या परकरांचे फोटो काढायला लागले, तर चालेल तुला? मनोऱ्याचं तसं नाही. त्याला कितीही बघा, तो दार लावून घेत नाही."

"मनोरा तोफा ठेवायला बांधला होता. बघायला नव्हे."

"पाचशे वर्षांपूर्वी. आता बघायलाच आहे ना? अल्फामात माणसं अजून राहतात." तिने कुकरखालचा गॅस बारीक केला. "आणि राहतात असं तरी कुठं म्हणायचं? येताना जिन्यात बघितलंस? दर दाराशेजारी आकड्यांच्या कुलपाची छोटी पेटी आहे, किल्ली ठेवायला. फक्त दुसऱ्या मजल्यावर एका दारावर नावाची पाटी आहे. या घरात आपल्याआधी कोण राहत होतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी 'स्थानिक अनुभव' म्हणून निवडलेली जागा ही कुणातरी स्थानिक माणसाची गेलेली जागा होती, हे मला भाडं भरताना सुचलं नव्हतं असंही नाही. पण वादात हरायची सवय नसल्यामुळे मी दुसऱ्या बाजूने आले.

"बरं. पण तुझी यादी कुणी केली ते तरी बघ. बेलेममध्ये मठासमोर आज जी मोकळी, देखणी बाग दिसते ना, तिथली जुनी वस्ती पाडून ती काढली. १९४०मध्ये सालाझारने साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यासाठी. नदीकाठचं ते शोधांचं स्मारक, जहाजाच्या आकाराचं, तेही आधी त्या प्रदर्शनासाठीच तात्पुरतं उभं केलं होतं. प्रवाशाने कुठं उभं राहून काय बघायचं हे एका हुकूमशहाने ठरवलं आणि आपण अजून त्याच जागी उभं राहून बघतोय."

आत्याने वही मिटली. मला वाटलं, जिंकले.

"तू शाळेत होतीस तेव्हा मी काय सांगायचे? पाठ्यपुस्तकात काय गाळलंय हे कळायला आधी छापलंय काय ते वाचावं लागतं. तू पुस्तकच फेकून द्यायला निघालीस. सालाझारला काय दाखवायचं होतं, तेच तर बघायचंय मला."

शिट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी ट्राम. मी चालत जाऊ म्हणत होते. आत्याने मला आपले गुडघे दाखवले, मग खिडकीतून गल्लीचा चढ दाखवला, आणि विषय संपला. मार्तिम मोनिशच्या थांब्यावर पाऊण तास रांग होती आणि रांगेत लिस्बनचं माणूस एकही नसावं. हे मी बोलून दाखवलं. अठ्ठावीस नंबर ही या चढांवर राहणाऱ्यांची बस आहे, आणि प्रवाशांच्या गर्दीमुळे त्यांनाच तीत शिरता येत नाही.

"खरं आहे," आत्या म्हणाली. एवढंच. तिला पटलेल्या गोष्टीवर ती कधी जास्त बोलत नाही, हे मी विसरले होते. तिने पर्स पुढे घेतली, कारण खिसेकापूंबद्दल मीच तिला दहा वेळा बजावलं होतं.

ट्राम १९३०च्या दशकातल्या, पिवळ्या, आतून लाकडी. वळणावर डबा असा करकरतो की जुन्या वाड्याचा दरवाजा आठवावा. काही गल्ल्या इतक्या अरुंद की हात बाहेर काढला तर भिंत लागेल. वाटेत सांता एंग्रासियाचा पांढरा घुमट दिसला. या चर्चचं काम १६८२ साली सुरू झालं आणि १९६६मध्ये संपलं. पोर्तुगीजांत रखडलेल्या कामाला 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. मी हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाला अजून आशा आहे."

कॅथेड्रल यायच्या जरा आधी, रस्त्याला लागून एक साधी, खिडक्यांना गज असलेली इमारत आहे. ती माझ्या 'बघायच्याच' अशा चार गोष्टींपैकी एक होती. आत्याच्या विसांत तिचा पत्ता नव्हता, याचा मला बारीकसा आनंद होता.

"ते काय गं?"

"अल्जुब. तुरुंग होता, सालाझारच्या गुप्त पोलिसांचा. १९६५मध्ये बंद झाला. आता संग्रहालय आहे. तुझ्या यादीत नाही."

"नाही. पण तुझ्या त्या गर्दीच्या ट्रामच्या खिडकीतूनच दिसलं ना?" असं म्हणत ती उठलीसुद्धा.

आत एकांतकोठड्यांची रचना पुन्हा उभी करून ठेवली आहे. मीटरभर रुंद, दोनेक मीटर लांब. गुराच्या दावणीसाठी असावा तसा शब्द कैद्यांनी या कोठड्यांना दिला होता. आत्या एका कोठडीत शिरली, दोन्ही हात पसरायला गेली आणि कोपरांतच थांबली. बाहेर येऊन काही बोलली नाही. पुढे एका फलकावर राजकीय कैदी जिथं जिथं ठेवले जात त्या जागांची नावं होती. तिथं ती बराच वेळ उभी राहिली, चष्मा वर करून, अक्षर अक्षर लावत. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

दुपारी मी तिला कार्मोला नेलं. ही जागाही माझ्या 'बघायच्याच' अशा चारांतली. १३८९मध्ये पाया घातलेला मठ. १ नोव्हेंबर १७५५, सकाळची साडेनऊ-दहाची वेळ, सर्व संतांचा सण, शहरातली सगळी चर्च भरलेली, आणि भूकंप झाला. मग नदीतून समुद्राचं पाणी चढून आलं, मग सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांनी आणि पडलेल्या चुलींनी आगी लागल्या, त्या कित्येक दिवस विझल्या नाहीत. कार्मोच्या चर्चचं छप्पर गेलं. पुढे डागडुजी सुरू झाली होती, पण १८३४मध्ये धर्मसंघच बरखास्त झाले आणि काम तिथंच सुटलं. म्हणून आज आत शिरलं की दोन्ही बाजूंना खांब, वर टोकदार कमानींच्या नुसत्या बरगड्या, आणि त्यांच्यामध्ये आभाळ. खाली हिरवळ आहे. कबुतरं कमानींवर बसतात. माशाचं मांस काढून घेतल्यावर काटा राहावा तसं ते दिसतं, फक्त या काट्याची उंची चार मजले आहे.

"हे घ्यायला हवं होतं यादीत," आत्या म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत घेईन."

मागच्या खोल्यांत पुराणवस्तूंचं संग्रहालय आहे. त्यात पेरूतल्या दोन ममी काचेच्या पेटीत गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आहेत. त्या लिस्बनमधल्या मठात काय करतात, असं विचारू नये. साम्राज्य असलेल्या देशांच्या माळ्यावर असलं काहीतरी सापडतंच.

बाहेरचा चौक जास्त महत्त्वाचा. २५ एप्रिल १९७४ला इथल्याच शिपाई-ठाण्यात सालाझारचा वारस मार्सेलु काएतानु लपून बसला होता. चौकात लष्कराच्या चिलखती गाड्या, त्यांच्याभोवती आणि झाडांवर चढलेली माणसं. संध्याकाळी त्याने सत्ता सोडली. बंदुकीच्या नळीत लाल फुलं खोचलेल्या त्या क्रांतीनंतरच, १९७४च्या डिसेंबरअखेर, पोर्तुगालने गोवा भारताचं असल्याचं करारावर मान्य केलं.

"तेरा वर्षं," आत्या म्हणाली. "एकसष्टला गेलेलं चौऱ्याहत्तरला गेलं म्हणाले."

"आणि नदीवरचा तो लाल पूल, बघितलास ना येताना? १९६६मध्ये झाला तेव्हा त्याचं नाव सालाझार होतं. क्रांतीनंतर '२५ एप्रिल' ठेवलं. म्हणून म्हणते, स्मारकांचं काही खरं नसतं. नाव काय, कुणीही बदलतं."

"नाव बदललं, पूल ठेवला. शहाणे आहेत की."

संध्याकाळी नदीकाठच्या मोठ्या चौकात गेलो. त्याला अजून 'राजवाड्याचं पटांगण' म्हणतात आणि राजवाडा मात्र १७५५पासून नाही. मसाल्यांच्या व्यापाराचा सगळा कारभार जिथून चालायचा ते 'कासा द इंदिया', म्हणजे हिंदुस्थान-घर, तेही इथंच होतं, तेही गेलं. मध्ये दों जुझे राजाचा घोड्यावरचा पुतळा आहे. आत्या चौथऱ्याला एक प्रदक्षिणा घालून आली.

"इथं बाजूला हत्ती कोरलाय."

"मग?"

"मग काही नाही. लक्षात ठेव म्हटलं."

बेलेम तिसऱ्या दिवशी ठेवलं होतं. काइश दु सोद्रे स्टेशनवरून काशकाइशकडे जाणारी लोकल. सगळ्या गाड्या बेलेमला थांबत नाहीत, प्रत्येक स्टेशन घेत जाणारी धीमी धरावी लागते. आत्याने गाडीत शिरल्यावर दारावरचा स्टेशनांचा तक्ता वाचायला घेतला, आणि मी तिला खिडकीजवळ बसवलं.

मठाच्या रांगेत ऊन होतं. पांढऱ्या चुनखडीची ती लांबच लांब भिंत आणि तिच्यावर दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, पोवळी, समुद्री वेली, खगोलगोल. जहाजाचं सगळं सामान देवळाला लावलंय. राजा मान्युएलने १५०१मध्ये काम सुरू केलं.

"पैसा कुठला?" आत्याने शाळेतल्या आवाजात विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"मिऱ्याचा. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर पाच टक्के, विसावा हिस्सा, मठाला."

"म्हणजे ही भिंत कुणी बांधली?"

"आत्या, हेच तर मी म्हणते. आपल्या मिऱ्याच्या पैशाने बांधलेलं बघायला आपणच रांग लावायची आणि आत गेल्यावर वास्को द गामाच्या थडग्यापुढे माना हलवायच्या. या माणसाने १५०२मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. मला खरंच लाज वाटते."

"वाटू दे. पण रांग सोडू नकोस, ते जर्मन मध्ये घुसतील."

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या, गाण्याच्या सज्जाखाली, एका बाजूला वास्को द गामा आणि समोर कवी कामोंइश. कामोंइश गोव्यात राहून गेलेला. वास्को दगडी गादीवर हात जोडून निजलाय, आणि येणारे-जाणारे त्या जोडलेल्या हातांना हात लावून जातात. आत्याने लावला नाही. "मिरजेहून याच्या नावाच्या गावाला गाडी जाते," ती म्हणाली. "वास्को, वास्को म्हणत आयुष्य गेलं. नावामागे एक माणूस आहे, तो मेला आहे आणि इथं आहे, हे आज डोक्यात शिरलं." मग तिने त्याच्याकडे पाठ केली आणि सरळ गाभाऱ्याकडे निघाली.

गाभाऱ्यात राजांची थडगी. मान्युएल, त्याची राणी, मुलगा, सून. संगमरवरी पेट्या, वर मुकुट. आणि प्रत्येक पेटी दोन हत्तींच्या पाठीवर. हत्ती पूर्ण अंगाचे नाहीत, पुढचा भाग तेवढा बाहेर आलेला, कान मागे, सोंड खाली, पेटीचं सगळं ओझं पाठीवर. बाजूच्या दालनात सेबास्तियांव राजा आहे, मोरोक्कोच्या लढाईत १५७८ला गेला. त्याचं शव खरंच मिळालं का याची लेख कोरणाऱ्यालाही खात्री नव्हती, तसं त्याने लेखातच सुचवून ठेवलंय. पण हत्ती त्यालाही दिलेत.

"बघ," आत्या हळू आवाजात म्हणाली. "काल चौकात एक, इथं इतके. इतकी वर्षं हिंदुस्थानातून काय काय आणलं यांनी, मिरी, कापड, माणसं. आणि देवासमोर दाखवायची वेळ आली तेव्हा आम्हाला खाली घातलं, ओझं उचलायला. हे यांनी स्वतः कोरून ठेवलंय. कुणी टीका म्हणून नाही लिहिलेलं, अभिमानाने कोरलंय. हे तुला अल्फामाच्या कॉफीच्या दुकानात सापडलं असतं?"

मी म्हणाले, गाइड सांगत नाही हे. ती म्हणाली, गाइडला कशाला सांगायला हवं, डोळे आहेत ना.

इथं मला प्रामाणिकपणे कबूल करायला हवं की मी जेरोनिमुसला एकदा येऊन गेले होते, कामाच्या प्रवासात, अर्ध्या दिवसाची सवड काढून. गर्दी बघून दारातूनच परतले आणि नंतर तीन वर्षं लोकांना सांगत होते की तिथं काही नाही, सगळा बाजार आहे.

मनोऱ्याच्या आत आम्ही गेलो नाही, तेवढी माझी जीत. काठावरून पश्चिमेच्या बाजूला गेलो. आत्याने पर्समधून मोत्याचं काम करताना वापरते ती दुर्बिणीसारखी काच काढली, तिचा काही उपयोग झाला नाही. मग माझ्या फोनचा कॅमेरा मोठा करून तिने मनोऱ्याच्या कोपऱ्यावरच्या घुमटीच्या तळाशी बोट नेलं. वाऱ्यापाण्याने झिजलेलं एक डोकं. शिंग होतं की नाही कळत नाही, पण कानांवरून आणि मानेच्या घड्यांवरून ओळखता येतं. गेंडा.

"यांची भाषा त्याला 'गांदा' म्हणायची. आपलाच शब्द," आत्या म्हणाली आणि नदीच्या कठड्यावर बसून तिने मला ती गोष्ट सांगितली. मी सातवीत असताना वर्गात सांगितली होती म्हणे, मी विसरले होते. हिंदुस्थानातला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातच्या सुलतानाने, दुसऱ्या मुझफ्फरशहाने, परवानगी दिली नाही, पण भेटीदाखल गेंडा दिला. एवढं जनावर ठेवायचं कुठं, म्हणून अल्बुकर्कने तो राजाला पाठवला. जानेवारी १५१५मध्ये गोव्याहून जहाज निघालं, २० मे रोजी लिस्बनला लागलं. हा मनोरा तेव्हा नुकता बांधायला घेतला होता. युरोपाने रोमनांनंतर जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने जूनमध्ये त्याची हत्तीशी झुंज लावली. हत्ती, तोही हिंदुस्थानातलाच, गेंडा दिसल्यावर पळून गेला.

"आणि मग?"

"मग पोपला भेट म्हणून रोमला पाठवला. इटलीच्या किनाऱ्याशी जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं, पण हा साखळदंडाने बांधलेला होता."

न्यूरेंबर्गमध्ये चित्रकार ड्यूररने कुणाच्यातरी पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याचं चित्र काढलं. न बघता काढलं म्हणून पाठीवर एक जादा शिंग बसवलं, आणि युरोपात पुढची दोन-अडीचशे वर्षं गेंडा म्हणजे ते चित्र. गोव्याच्या बंदरातून निघालेलं ते जनावर असं दोन ठिकाणी उरलं: एका चुकीच्या चित्रात आणि या घुमटीखाली, जिथं रोज फोटो काढणाऱ्या शेकडो लोकांची पाठ त्याच्याकडे असते.

"तुझी ती पाठ करून उभी राहणारी माणसं," आत्या म्हणाली. "तुझं त्यांच्याबद्दलचं म्हणणं बरोबरच होतं. पण पाठ तूही केली होतीस, फक्त पुण्यातून."

शोधांच्या स्मारकापाशी फार वेळ लागला नाही. पन्नास मीटरवर उंची, टोकाला हेन्री राजपुत्र, मागे दोन्ही बाजूंना चढत गेलेले खलाशी, पाद्री, नकाशे काढणारे. मला ते कुरूप वाटतं, आत्याला भव्य वाटलं. तारखा मात्र तिने वहीत लिहून घेतल्या. १९४०चं ते तात्पुरतं होतं. हेन्रीच्या पाचशेव्या पुण्यतिथीला, १९६०मध्ये, ते काँक्रीट आणि दगडात कायमचं केलं.

"साठ साली पक्कं केलं," ती म्हणाली, "आणि एकसष्टच्या डिसेंबरात मुरगावात यांचं लढाऊ जहाज आपल्या तोफांनी निकामी झालं. जहाजाचं नाव काय होतं?"

"अफोंसो द अल्बुकर्क."

"शाबास. इतकं उशिरा कुणी स्मारक बांधू नये."

मठाजवळच्या पेस्ट्रीच्या जुन्या दुकानातही तिने रांग लावली. १८३७पासूनचं दुकान. पातळ पापुद्र्याची वाटी, त्यात अंड्याचं घट्ट पिवळं सारण, वरून भाजल्याचे काळे ठिपके. आत्या अंडं खात नाही, पण केकमधलं चालतं आणि हा तिच्या मते केकच होता. चार खाल्ले, दोन बांधून घेतले. सोबत दालचिनीच्या पुड्या दिल्या. "मिरी, दालचिनी," ती म्हणाली, "बिल आपण कधीच भरून बसलोय."

स्टेशनवर आलो तेव्हा साडेचार झाले होते. मी शहराकडच्या फलाटाकडे वळले. आत्या थांबली.

"तीच गाडी पुढे कुठं जाते?"

"काशकाइशला. समुद्रकिनारा. उद्या जाऊ."

"मध्ये एक स्टेशन आहे. काशियस की काय."

"काशियश? तिथं काही नाही गं बघायला."

"तुरुंग आहे."

मग मला अल्जुबमधला तो फलक आठवला आणि वहीतला एकविसावा रिकामा गोल.

"जानेवारी १९६९," आत्या म्हणाली. आम्ही जिन्याच्या पायरीवर उभ्या होतो, लोक बाजूने जात होते. "मी नववीत होते. बाबांनी पेपर मोठ्याने वाचला. मोहन रानडे सुटले. आपल्या सांगलीचे, मूळचे आपटे. गोव्यात सावई-वेऱ्याला मराठी शाळेत मास्तर म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. पंचावन्न साली बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला, गोळी लागली, पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा. इथं आणून ठेवलं. एकसष्टला गोवा सुटलं, सगळीकडे पेढे वाटले, आणि हे इथंच. आणखी सात वर्षं. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी किती खटपट करत होते. बाबांनी वाचलं, लिस्बनजवळच्या किल्ल्यात होते. मी शाळेचा नकाशा काढून बसले. लिस्बन सापडलं. ते दुसरं गाव काही सापडलं नाही. बाबांना उच्चार येईना, मला लिहिता येईना."

"म्हणून रिकामं ठेवलंस?"

"नाव नक्की माहीत नसताना कसं लिहायचं?"

मी माझं शेवटचं म्हणणं मांडलं, कारण सवय. किल्ला स्टेशनपासून वर चढावर आहे, आत सोडत नाहीत, ते आजही चालू कारागृह आहे. ज्याला बघण्यासारखं काही नाही अशा जागी तू, यादीवाली, कशाला जातेस? तिने उत्तर दिलं नाही. पलीकडच्या फलाटाचा जिना चढायला लागली, कठड्याला धरून, एक एक पायरी.

धीमी गाडी होती. अल्जेश, मग आणखी एक, मग काशियश. डाव्या हाताला सगळा वेळ पाणी, नदी कुठं संपते आणि समुद्र कुठं लागतो ते कळत नाही. आम्ही दोघीच त्या बाजूला उतरलो. छोटं स्टेशन, निळी पाटी. आत्या पाटीसमोर उभी राहिली, वही उघडली आणि एकविसाव्या गोलापुढे एकेक रोमन अक्षर उतरवून घेतलं.

"मध्ये हा एक्स कशाला?"

"पोर्तुगीजात त्याचा श होतो."

"असं होय." तिने खाली मराठीतही लिहिलं. बरोबरची खूण मात्र केली नाही.

"टॅक्सी बोलवू का? वर गेटपर्यंत जाता येईल."

"अजून तुरुंगच आहे म्हणालीस ना?"

"हो."

"मग आत माणसं असतील." ती बाकावर बसली. "त्यांना कशाला बघायचं. परतीची गाडी कधी आहे?"

"वीस मिनिटांनी."

"बस मग. आणि ती दालचिनीची पुडी कुठं ठेवलीस?"